ठेवणीतला आवाज

४ फेब्रुवारी

भावोजी,

वर नुसतं भावोजी लिहिलं, मायना काही लिहिला नाही. इतक्या वर्षांनी काय लिहायचा तेच सुचेना. अक्षर ओळखलं असेलच, तरी पाकीट फोडलंत, हे बरं झालं.

आधी मुख्य ते सांगते. हे आहेत. बरे आहेत असं म्हणवत नाही, पण आहेत. पावसाळ्यानंतर घसा बसला तो उघडेना. बाजारात पुकारून पुकारून बसला असेल म्हणून गुळण्या करत राहिले. निघालं भलतंच. नोव्हेंबरात ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकलं. आता गळ्याला पुढून भोक आहे, श्वास तिथून चालतो. आवाज गेला. बसला नाही, गेला. हा फरक डॉक्टरांनी दोनदा सांगितला, पण माझ्या डोक्यात शिरला तो घरी आल्यावर. न्हाणीघरातून हाक येईल म्हणून मी टॉवेल हातात घेऊन उभी होते.

तुम्हाला कळवू नको, असं यांनी आवाज असतानाच बजावलं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तुम्हाला काय सांगायचं. मीही ऐकलं, कारण तेव्हा वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. आताही फारसं नाही. लेक येऊन राहून गेली. तिला तिची नोकरी आहे, तान्हं मूल आहे. आता घरात आम्ही दोघंच. यांच्या हातात लिहून पुसायची पाटी असते, आणि माझ्या हातात कायम काहीतरी धुवायचं असतं.

लिहायचं कारण वेगळं आहे. ऑपरेशनच्या आधी वाचाकेंद्रातल्या बाईंनी, म्हणजे बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी, सांगितलं होतं की आवाज आहे तोवर भरून ठेवा. पुष्कळ वाक्यं वाचून साठवली की त्यावरून कॉम्प्युटर यांचा आवाज तयार करतो. मग हे टाइप करतील आणि यंत्र यांच्या आवाजात बोलेल. शिवाय रोजची आपली वाक्यं, ज्याच्या त्याच्या ढबीत, जशीच्या तशी ठेवता येतात. झालं. यांनी अडगळीच्या खोलीत भिंतींना रजया टांगल्या, स्टूल ठेवलं आणि सबंध ऑक्टोबर तिथं बसले. तुम्हाला हसू येईल, पण यांना सगळ्यात जड गेलं ते हळू बोलणं. फुलांच्या बाजारात लिलाव पुकारणारा माणूस, शेडच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत आवाज पोचवणारा, तो मायक्रोफोनपुढं कुजबुजतोय. चुकलं की पुन्हा. मी म्हटलं, झालंय तेवढं बाईंना देऊन टाका. तर म्हणाले, अर्धवट माल मी बाजारात मांडत नाही.

सगळं एका हार्ड डिस्कवर होतं. त्याच एका. जखम भरल्यावर आम्ही ती कॉम्प्युटरला जोडली, तर आतून टकटक ऐकू यायला लागलं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं दुपारभर ती चालू-बंद करून पाहिली आणि संध्याकाळी हात वर केले. त्यानंच एका माणसाचा पत्ता दिला. तो फक्त बिघडलेल्या डिस्कमधला मजकूर काढायचं काम करतो. त्याच्याकडे बाकड्यावर माणसं दवाखान्यासारखी बसलेली असतात, मांडीवर आपापली डिस्क घेऊन. तो म्हणाला, आतल्या तबकडीवरून फिरणारा वाचकाटा मोडलाय आणि तबकडी खरवडतोय. पुन्हा चालू करू नका. अगदी याच बनावटीची दुसरी डिस्क मिळाली तर तिचा काटा काढून याला बसवता येईल. मिळेल का, शोधतो. मी विचारलं, होईल ना? तो म्हणाला, होईल असं मी कुणालाच सांगत नाही. मला तो माणूस आवडला. इस्पितळात सगळे होईल, होईल म्हणायचे.

तर विचारायचं ते एवढंच. तुमच्याकडे यांच्या आवाजाचं काही आहे का? जुना फोन, कुणाच्या लग्नाची फिल्म, बाजारातलं काही. असलं तर पाठवा. नसलं तर राहू दे. उत्तर आलं नाही तर मी त्याचा अर्थ काढत बसणार नाही.

वहिनी


२० फेब्रुवारी

भावोजी,

तुमचा फोन आला तेव्हा मी यांच्या गळ्याची नळी साफ करत होते, म्हणून घेता आला नाही. तुम्ही निरोप ठेवलात तो नंतर ऐकला. ऐकला कसा, ते सांगायला हवं, कारण तुम्ही त्यात म्हणालात, दादाला सांगू नका. मी सांगितलं नाही. पण झालं ते झालं.

भांडी घासत होते. हात ओले, म्हणून फोन ओट्यावर ठेवून कोपरानं दाबला आणि आवाज मोठा केला. तुम्ही बोलायला लागलात. 'वहिनी, पत्र मिळालं. माझ्याकडं काहीच नाही हो. होतं ते घर बदलताना गेलं.' एवढ्यात माझ्या हातातलं भांडं सुटलं. मी विसरूनच गेले होते, भावोजी. पूर्वी फोनवर तुम्ही दोघं मला ओळखू यायचा नाहीत. एकदा मी यांना समजून तुम्हाला पाच मिनिटं झापलं होतं आणि तुम्ही मुकाट ऐकून घेऊन शेवटी म्हणालात, 'दादाला निरोप देतो.' आठवतं का?

निरोप चालूच होता. तुम्ही विचारत होतात, 'तुम्ही जेवता का वेळेवर?' आणि हे दारात येऊन उभे राहिले. दुपारी झोपले होते, केस विस्कटलेले, एका पायात चप्पल. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'डिस्क झाली?'

मी मान हलवली. नाही म्हटलं. त्यांना कळायला क्षणभर लागला. मग बोटानं खूण केली, पुन्हा लाव. मी पुन्हा लावला. जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी सगळा ऐकला, सांगू नका म्हणालात तेही. चेहऱ्यावर काही नाही. तो चेहरा तुम्हाला माहीत आहे, भाव पाडून मागणाऱ्यापुढं ठेवायचा. ऐकून झाल्यावर पाटी पुसली आणि लिहिलं, 'सर्दी आहे त्याला.' मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रात्री जेवले नाहीत.

डिस्कवाल्याला अजून जोडीची डिस्क मिळालेली नाही. एक मिळाली होती, ती बाहेरून हुबेहूब, पण आतून वेगळी निघाली. मी मधूनमधून जाऊन बाकड्यावर बसते. गेल्या खेपेला शेजारी एक शिक्षिका होती, तिच्या डिस्कवर तिचा प्रबंध. माझ्याकडे बघून म्हणाली, तुमचं काय आहे आत? मी म्हटलं, नवरा. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

सर्दीला वाफ घ्या.

वहिनी


१४ मार्च

भावोजी,

डिस्क उघडली. झालं म्हणायचं की नाही, मला ठरवता येत नाही, तुम्हीच ठरवा.

जोडीची डिस्क सापडली ती भंगारात गेलेल्या एका ऑफिसच्या मशीनमध्ये. डिस्कवाल्यानं काचेच्या बंद पेटीत हात घालून काटा बदलला. धुळीचा एक कण गेला तरी संपलं, असं तो म्हणाला. म्हणून मी काचेपासून लांब उभी राहून श्वाससुद्धा जपून घेत होते, हे वेडेपणाचं आहे हे मला माहीत आहे. मग डिस्कवरचा मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावला. तो थेंबथेंब येतो. जिथं तबकडी खरवडली गेलीय तिथं यंत्र अडतं, पुन्हा प्रयत्न करतं, नाही जमलं की पुढं जातं. घोडं पेंड खायचं ते तिथंच. शेवटी निम्म्याहून थोडं जास्त हाती लागलं. पण फायलींची नावं गेली आणि क्रमही गेला. हे प्रत्येक वाक्याला नाव देऊन ठेवत होते, त्यातलं काही उरलं नाही. नुसता ढीग. काही वाक्यं पूर्ण आहेत, काही मध्येच तुटलेली, काहींत नुसती खरखर.

डिस्कवाल्यानं एक लावून दाखवलं. यांचा आवाज आला, 'दार लावून घे, वारा येतोय.' डिस्कवाला म्हणाला, चांगलं आहे हे. मी त्याच्या दुकानात रडले. तो उठून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं आला.

वाचाकेंद्रातल्या बाईंना ढीग दाखवला. त्या म्हणाल्या, एवढ्यात आवाज बनेल, पण विरळ बनेल, अडखळेल. मग विचारलं, जवळच्या नात्यात असाच आवाज असलेलं कुणी आहे का? भाऊ वगैरे? त्यांनी उरलेली वाक्यं वाचून दिली तर भर घालता येते, आणि ऐकणाऱ्याला समजतसुद्धा नाही. मी यांच्याकडे बघितलं. हे खिडकीकडे बघत होते. बाईंना वाटलं यांना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा यांनी पाटी घेतली. लिहिलेलं बाईंना दाखवलं नाही, मला दाखवलं. तसंच्या तसं उतरवून देते:

'त्याचं एकदा घेतलंय. पुन्हा नाही.'

आणि पुसून टाकलं.

भावोजी, त्या गोष्टीबद्दल आमच्या घरात इतक्या वर्षांत एक शब्द निघाला नव्हता. बाजारात भावाचा मोठा फलक आला, बटण दाबून लिलाव होणार, पुकारणाऱ्यांनी घरी जायचं असं ठरलं. तुम्ही दोघं समोरासमोरच्या ओट्यांवर लिलाव पुकारत वाढलेले. त्या करारावर कुणी सही करायची नाही, अशा शपथा खाल्ल्या होत्यात. आणि मग एकच ओटा आवाजाचा राहील, या बोलीवर यांनी सगळ्यांच्या वतीनं सही केली आणि त्या ओट्यावर हेच उभे राहिले. तुम्हाला ते सूचनाफलकावर वाचून कळलं. तुम्ही गाव सोडलंत, शीतगोदामात नोकरी धरलीत. मी तेव्हा यांना विचारलं होतं, असं का केलंत? हे जेवत्या ताटावरून उठले. मी परत विचारलं नाही. आता ही एवढी दोन वाक्यं, ती सुद्धा पाटीवर.

तेव्हा आवाज मी मागत नाही. मागितला तर हे मला माफ करणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर लपवाछपवी करायची ताकदही माझ्यात उरलेली नाही. मी कान मागते.

हा ढीग कुणीतरी बसून ऐकायला हवा. एकेक वाक्य ऐकायचं, ते काय आहे ते लिहायचं, तुटलेलं बाजूला काढायचं. बाई म्हणतात, हे झाल्याशिवाय पुढं काही नाही. मी दोन दिवस करून पाहिलं. कानात यांचा आवाज आणि शेजारच्या खोलीत हे गप्प. दुसऱ्या दिवशी मी 'आले हो' म्हणून उठले, आणि उठल्यावर लक्षात आलं, हाक कानातल्या यंत्रात होती. यांना स्वतःला ऐकायला लावणं म्हणजे छळ. आणि पुष्कळशी वाक्यं बाजारातली आहेत, अर्धी तुटलेली. फुलांची नावं, मापं, गिऱ्हाइकाला टोचून बोलायच्या तुमच्या त्या खास गोष्टी. त्या मला पूर्णही कळत नाहीत, तुटलेल्या कुठून कळणार.

यांना मी सांगितलंय की तुम्हाला लिहितेय. यांनी पाटी उचलली नाही. हो समजायचं की नाही, तुम्ही यांना माझ्याआधीपासून ओळखता.

वहिनी


२९ एप्रिल

भावोजी,

पोचल्याचा फोन मिळाला. जाऊबाईंना सांगा, त्यांनी तुम्हाला इतके दिवस सोडलं, मी लक्षात ठेवीन.

तुम्ही होतात तेव्हाचं तुम्हाला ठाऊकच आहे. पहिले दिवस तुम्ही दोघं एकाच घरात भाडेकरूंसारखे वावरत होतात, एकजण बाहेर आला की दुसरा आत. पण तुम्हाला न दिसलेलं सांगते. तुम्ही अडगळीच्या खोलीत कानाला लावून लिहीत बसायचात ना, दार ओढून, तेव्हा हे बाहेर भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचे. रोज. आतून तुमच्या हसण्याचा आवाज आला की माझ्याकडे बघायचे, भुवया उडवून, कशाला हसतोय? मी खांदे उडवायची. एकदा तुम्ही बराच वेळ हसलात आणि मग एकदम गप्प झालात. हे उठले, दाराच्या मुठीला हात लावला आणि परत बसले.

शेवटच्या आदल्या दिवशी तुम्ही बाहेर आलात आणि यांच्यासमोर उभं राहून म्हणालात ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. 'दादा, तू आधी मला विचारून सही केली असतीस ना, तर मीच म्हणालो असतो, कर.' यांच्या हातात पाटी होती. यांनी काही लिहिलं नाही. तुम्ही थांबलात, वाट बघितलीत आणि चपला घालून फिरायला निघून गेलात. तुम्हाला वाटलं असेल, अजूनही हा माणूस काही बोलत नाही.

तुम्ही गल्लीच्या टोकाला गेला असाल, तेव्हा यांनी लिहिलं. मी बाहेर येऊन पाहिलं तर पाटी मांडीवर पडली होती. 'ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही.'

मला वाटायचं, यांनी तुमचा विचारच केला नव्हता. तसं असतं तर सोपं गेलं असतं. तुम्ही हो म्हणाल हे यांना पक्कं माहीत होतं, आणि ते हो घेऊन आयुष्यभर तुमच्यासमोर उभं राहायचं यांच्याच्यानं झालं नसतं. म्हणून चोरासारखं घेतलं. मी म्हटलं, तो परत आला की दाखवा त्याला. यांनी हातानंच पुसून टाकलं. आता लिहून पाठवते, यांना सांगून. यांनी अडवलं नाही.

आता आवाजाचं. तुम्ही लिहून दिलेल्या कागदांवरून बाईंनी काम भराभर केलं. तुम्ही तुटलेल्या वाक्यांच्या पुढं कंसात उरलेलं लिहिलंय, ते पाहून त्या थक्क झाल्या. म्हणाल्या, हे त्यांना कसं कळलं? मी म्हटलं, समोरच्या ओट्यावर उभे असायचे. परवा आम्हाला बोलावलं. छोटं यंत्र आहे, पाटीएवढंच. टाइप करायचं, बटण दाबायचं. बाई म्हणाल्या, काहीही बोला. हे इतका वेळ बसून राहिले की पुढचा पेशंट आत डोकावून गेला. मग टाइप केलं, 'आभारी आहे.' आवाज आला. विरळ आहे, खरं आहे. जोडाक्षरावर ठेचकाळतो, आणि मध्येच एखादा शब्द पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. पण यांचा आहे. भर घातलेला नाही. ज्याचा त्याचा आहे.

परतीच्या बसमध्ये यंत्र पिशवीतच ठेवलं. घरी आल्यावरही नाही. मला वाटलं, झालं, आता हेही अडगळीत जाणार. मी नेहमीसारखी नळीचं सामान उकळायला ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. बसले तर उठवणार नाही म्हणून मी हल्ली बसतच नाही. मागून आवाज आला.

'मी बघतो ते. झोप तू.'

झोप म्हणताना यंत्र अडखळलं, दोनदा म्हणालं. यांनी माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि मला दाराकडे ढकललं. दिवसाउजेडी मी पलंगावर पडले आणि सरळ दुसऱ्या दिवशी उठले. सामान उकळून, पुसून, जागच्या जागी ठेवलेलं होतं. एक भांडं करपलंय. त्याबद्दल आमची भांडणं झाली, बोलून.

रविवारी सकाळी तुमचा फोन वाजेल. मी लावून देणार नाही, हे स्वतः लावणार आहेत. काय बोलणार आहेत ते मला सांगितलेलं नाही, पण कालपासून टाइप करतायत आणि खोडतायत. तयार ठेवलेलं वाक्य ऐन वेळी यांना पटणार नाही आणि नव्यानं लिहायला घेतील, हे नक्की. बोटं अजून बसलेली नाहीत, एकेक अक्षर शोधतात. तेव्हा तुम्ही हॅलो म्हणाल आणि पलीकडून काहीच ऐकू येणार नाही. नुसता श्वास येईल, तोही जरा घरघरता. रिकामा फोन समजू नका.

थांबा, भावोजी. ठेवू नका.

वहिनी